नळ उघडाच आहे

— गोड बोलली असणार. ती फोनवर गोडच बोलते, भाऊ, चुकीचा नंबर लागला तरी त्या माणसाला जेवलात का विचारेल. माझी धाकटी बहीण आहे ती. घर माझं, मशीन माझं, त्यात पाणी येत नाही ही पंचाईत माझी, आणि तुम्हाला फोन कुणी केला, तर तिने, सात तासांच्या अंतरावरून. मला एका शब्दाने विचारलं नाही की ताई, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का. मी सव्वीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुण्याच्या खात्यात काढली, तिथलं एकेक मशीन या खोलीएवढं होतं, मला काय दुरुस्ती करणारा माणूस मिळाला नसता? असो. या, इकडून या, मशीन मागच्या बाल्कनीत आहे, चपला असू द्या. जरा हळू बोला, आतल्या खोलीत आई आहे. जागीच आहे, पण नवा आवाज ऐकला की कोण आलं, कोण आलं करते, आणि छकुलीने पाठवलंय म्हटलं की तुम्हाला तासभर सोडायची नाही.

छकुली म्हणजे तीच. बावन्न वर्षांची आहे. चष्मा लागला, गुडघे दुखायला लागले, मुलगी नोकरीला लागली, तरी छकुलीच. आणि मी ताई. मी सहा वर्षांची असताना ती झाली, आणि त्या दिवसापासून आई मला ताई म्हणायला लागली — स्वतःच्या पोटच्या मुलीला — का, तर छकुलीला सवय लागावी म्हणून. छकुलीला लागली सवय, पण आईची काही सुटली नाही. त्याआधी तू मला काय म्हणायचीस, असं विचारलं होतं मी एकदा. म्हणाली, आठवत नाही बाई आता. — हं, तेच बटण. दाबा. बघा, दार खट्कन लागतं, आत गुं गुं सुरू होतं, वाटतं आता येईल पाणी, आता येईल, आणि एक थेंब नाही. चार-पाच मिनिटं नुसतं गुरगुरतं, मग टुं टुं टुं करतं आणि हे असं काहीतरी लिहून दाखवतं. आज नववा दिवस आहे. आईच्या रोजच्या दोन चादरी, कधी तीन, वर गाऊन, टॉवेल, खालचे कपडे — सगळं नऊ दिवस हाताने. हे मनगट बघा, हे असं वळवलं की कळ येते.

नाही नाही, मागे कशाला जाताय? नळ उघडाच आहे. मी स्वतः उघडला — म्हणजे उघडाच असतो तो नेहमी. आधी ती जाळी बघा, पाइप मशीनला लागतो ना, तिथे आत असते ती बारीक जाळी. आमच्याकडचं पाणी जड आहे, जाळीवर पांढरा थर बसतो. दर तीन महिन्यांनी मी जुन्या टूथब्रशने घासते. माझ्या हातात सात वर्षं बिनतक्रार चाललं हे मशीन. मध्ये चार दिवस मी नव्हते आणि ते छकुलीच्या हाती होतं, एवढंच झालं. तिने पाणी नसताना कोरडंच चालवलं असणार पुन्हा पुन्हा, आत काहीतरी जळलं असणार. मी तिला सांगितलं तसं फोनवर. रागावले नाही, सरळ म्हटलं, माझं मशीन तू बिघडवलंस. ती म्हणाली, चुकलं असेल गं माझं, मी माणूस पाठवते. आता सांगा, यावर पुढे काय बोलायचं माणसाने? भांडली असती तर बरं वाटलं असतं. लहानपणापासून तिला भांडता येत नाही, त्यामुळे भांडखोर कोण, तर मी.

सहा वर्षं झाली आईला पडून. मांडीचं हाड मोडलं, ते बसवलं डॉक्टरांनी, पण ती पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून मी. नवरा गेला तेव्हा मुलगा म्हणाला होता, माझ्याकडे येऊन राहा, तर मी म्हटलं आजीला कुठे टाकू? तक्रार नाही माझी. तुम्ही विचारलंत — नाही विचारलंत, बरं, मीच सांगतेय. पण छकुली कधी येते, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, दोन दिवस. आणि ते दोन दिवस आई जेवते. मी हातात वाटी घेऊन अर्धा अर्धा तास बसते, एक घास, दोन घास, मग तोंड फिरवते, आणि छकुली समोर असली की वाटी पुसून. डॉक्टर मला म्हणतात, बघा, भूक आहे त्यांना. आहे ना भूक. मला माहीत आहे भूक आहे ते.

झालं असं, आमच्या खात्यातल्या आम्ही चौघी, सगळ्याच निवृत्त, आम्ही समुद्रावर जायचं ठरवलं. चार दिवस. सहा वर्षांत मी एक रात्र या घराबाहेर झोपले नव्हते. मी नाहीच म्हणत होते, पण छकुलीला कुठून कळलं कोण जाणे, तिचा फोन, ताई तू जा, मी रजा टाकते, मी बघते आईकडे. बरं, म्हटलं. मला आनंदच झाला, खोटं नाही सांगत. बॅग भरली. आदल्या संध्याकाळी मी आईची वेणी घालत होते, तर आई म्हणाली, उद्या छकुली येणार, ती निळी चादर घाल माझ्या पलंगावर, कोरी आहे ती. — निळी चादर मी आणलेली, भाऊ. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा म्हणाली होती, ठेवून दे, रोजच्याला कशाला. मी घातली ती चादर. घालून, चारही कोपरे ताणून बसवले, दवाखान्यात बसवायचे तसे, एक सुरकुती नाही. मग आई म्हणाली, ताई, मला जरा पावडर लाव.

झाली साफ जाळी? एवढाच थर? मला वाटलं पुष्कळ असेल. बरं, लावा आणि दाबा पुन्हा. — नाही ना. मग तो आतला व्हॉल्व्ह गेला असेल, जळलाच असेल. — आवाज करतोय म्हणजे चांगला आहे? असं असतं होय. म्हणजे तो दार उघडून बसलाय आणि पाणीच येत नाही त्याच्यापर्यंत. — पाइप काढताय? काढा. पण नळ उघडाच आहे, मी सांगते ना. खाली बादली घ्या, सगळीकडे पाणी होईल. — कोरडा? असा कसा कोरडा? बाजूच्या नळाला आहे की पाणी, हे बघा, धो धो येतंय. फिरवून बघा ती चावी. दोन्हीकडे नुसती फिरते? म्हणजे उघडा आहे की बंद आहे? — आतली चकती सुटून तळाशी बसली. चावी वर येते, चकती खालीच. असं होय. म्हणजे नऊ दिवस मी उघडला उघडला म्हणत होते आणि तो बंदच. म्हणजे मशीनला काही झालेलंच नाही.

जोर लावून आवळला की होतं असं? मग कुणीतरी लावला असेल जोर. — ते दात कसले दिसतायत तुम्हाला? जुने असतील. — पितळ चकचकतंय होय आत. तुमची नजर चांगली आहे. तुम्हाला मशीन बघायला बोलावलं आणि तुम्ही पक्कडीचे दात मोजताय.

बसा त्या स्टुलावर. बसा, घाई नाही मला. मीच लावली पक्कड. निघायच्या दिवशी सकाळी. गाडी खाली आली होती, छकुली आईपाशी बसली होती, आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी डबा विसरले म्हणून इकडे आले. खरं म्हणजे डबा विसरलेच नव्हते. मशीनच्या मागे हात घातला आणि नळ बंद केला. आधी हातानेच केला. मग मनात आलं, हाताने केला तर हाताने उघडेल. म्हणून ड्रॉवरमधून पक्कड काढली आणि आवळला, अजून थोडा, अजून थोडा, कट् असा आवाज झाला तोपर्यंत. तेव्हाच तुटला असणार. मग आत गेले, आईच्या पाया पडले, छकुलीला सांगितलं, चादरी रोजच्या रोज मशीनला लाव हं, आणि निघाले.

तुम्हाला वाटत असेल तिला त्रास द्यायला केलं. — नका मान हलवू, मला कळतं. त्रास द्यायचा असता तर मी औषधांच्या डब्या इकडच्या तिकडे केल्या नसत्या? तसलं काही नाही माझ्या मनात. मला एवढंच हवं होतं, की तिचा फोन यावा. ताई, मशीनमध्ये पाणी येत नाही, काय करू? बस. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी गाडीत. अगं वेडे, मशीनच्या मागे हात घाल, डाव्या बाजूला, नळ दिसेल, तो फिरव. ती म्हणेल, फिरत नाही. मग मी म्हणणार, थांब, घाबरू नकोस, मी निघते. आणि एक दिवस आधी परत यायचं. आईने म्हणायचं, बरं झालं ताई आली, तिच्याशिवाय या घरात काही चालत नाही. एवढं ठरवलं होतं. साठीला आलेली बाई आहे मी, आणि हे ठरवत होते.

चार दिवस फोन हातात धरून बसले. बाकीच्या तिघी पाण्यात गेल्या, साड्या खोचून, एकमेकींना धरून, लाट आली की ओरडत होत्या. मी काठावर. चल चल म्हणत होत्या, मी म्हटलं, फोन भिजेल. पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. आणि फोन यायचे की, रोज संध्याकाळी यायचे, नाही असं नाही. आई जेवली, आईला झोप लागली, तू आराम कर ताई, इकडची अजिबात काळजी करू नकोस. मी मुद्दाम विचारायची, कपडे? तर म्हणायची, होतात की. मागून आईचा आवाज, तिला सांग मजेत आहे मी. मजेत. सहा वर्षांत हा शब्द मी त्या तोंडून ऐकला नव्हता.

परत आले त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. मी बॅग घेऊन आत आले. आईच्या खोलीत आई नाही. पलंग रिकामा बघायची सवय नाही हो मला. आणि मग इथून आवाज आला, या बाल्कनीतून. इथे, तुम्ही बसलाय तिथेच, खुर्चीत आई बसली होती. पाठीला दोन उशा, पायाखाली पाट, केस मोकळे. सहा वर्षं जी खोलीबाहेर आली नाही ती. हातात चादरीचं एक टोक, दुसरं टोक छकुलीच्या हातात, आणि दोघी पिळत होत्या. आईच्या हातात कसला आलाय जोर, ती नुसती धरून होती, छकुलीच वळत होती, पण आईला वाटत होतं आपणच पिळतोय. पाणी उडालं तोंडावर तर हसली. खळखळून. मी त्या दारात उभी. दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही. किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. मग मीच बॅग आपटली जरा.

छकुलीने एवढंच सांगितलं की मशीनमध्ये पाणी येत नव्हतं, तुला कशाला त्रास, हाताने धुतलं. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. शेजारची आली तिला, डॉक्टर आले त्यांना, छकुलीने हाताने धुतल्या हो माझ्या चादरी, मशीनमध्ये नाही टाकल्या. मी सहा वर्षं धुतल्या त्या मशीनने धुतल्या, त्या कुठे मोजायच्या? बरोबर आहे तिचं. छकुली गेल्यापासून आई रोज म्हणते, ताई, मला बाहेर ने ना, मी पिळू लागते तुला. रोज. आणि मी म्हणते, वारा आहे, बाधेल. — नाही, वारा नसतो. तुम्हीच बघा, पान हलत नाहीये. मी नेत नाही. तिच्याबरोबर जे केलंस ते माझ्याबरोबर नको, असं होतं मला. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे, तुमचं तोंड बंद असतं म्हणून असेल.

आणि छकुलीचे हात. तिला लहानपणापासून साबण चालत नाही, कातडी सोलवटते, भेगा पडतात, रक्त येतं. शाळेत असताना तिचा गणवेश मी धुवायची, माझा धुऊन झाला की तिचा. आईच सांगायची, तिचे हात खराब होतील. माझे हात कुणी — असो. परवा तिच्या नवऱ्याचा फोन आला होता दुसऱ्याच कामासाठी, बोलता बोलता म्हणाला, तिच्या दोन्ही हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्यात, आठवडाभर पेन धरता येणार नाही म्हणाले डॉक्टर. तिने मला हे सांगितलं नाही. आणि मला वाईट वाटलं, वाटायलाच हवं, रात्रभर वाईट वाटलं, पण पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? की आता हे आईला कळलं तर आई अजून कौतुक करेल. ते आधी आलं. वाईट नंतर वाटलं.

झालं का? काढला तो? बघू. बघा, एवढीशी चकती, आणि नऊ दिवस सगळं घर धरून बसली. आता नवा आणावा लागेल. कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे सांगा मी पाठवलंय — हे काय? हा तुमच्या पिशवीत होता? नवाच आहे की. आणि बरोबर याच मापाचा. भाऊ, तुम्ही मशीनवाले ना? मशीनवाला माणूस पितळी नळ घेऊन कशाला फिरेल? — ठेवता तुम्ही नेहमी. बरं. मग पिशवीत दुसरे दाखवा बघू, वेगळ्या मापाचे. — हा एकच आहे.

माझ्याकडे बघून सांगा. काय सांगितलं तिने तुम्हाला फोनवर? शब्द न शब्द सांगा, मी रागावणार नाही. — फोटो पाठवला. नळाचा. कधी काढलेला? वर तारीख असते ना, दाखवा. — हा तर मी गेले त्याच दिवशीचा. दुपारचा. — आणि काय म्हणाली? मशीन चांगलं आहे, नळ आतून तुटलाय, तेवढा बदला, आणि ताईला सांगा की मशीनचा व्हॉल्व्ह गेला होता, जुना झाला की जातो. असं म्हणाली. म्हणून तुम्ही आल्या आल्या मागे जायला निघाला होतात. आणि मी तुम्हाला जाळी साफ करायला लावली आणि तुम्ही मुकाट्याने केलीत.

म्हणजे पहिल्याच दिवशी. मशीनमध्ये पाणी येईना म्हणून मागे वाकून बघितलं असणार तिने, ते दात दिसले असणार. पक्कड मी इथे खिडकीत विसरून गेले होते, परत आले तर ड्रॉवरमध्ये होती. मला वाटलं मीच ठेवली. प्लंबर बोलावला असता, दहा मिनिटांचं काम. नाही बोलावला. ताईने बंद केलाय ना, मग राहू दे बंद. आणि बसली त्या हातांनी चादरी धूत. आणि मी फोनवर म्हटलं, तू बिघडवलंस, तर म्हणते, चुकलं असेल माझं. — आईलाही माहीत असेल का हो? ती तर इथेच बसलेली असायची, समोर. असणारच माहीत. दोघींनी मिळून चार दिवस मला सांभाळून घेतलं, आणि मी तिकडे फोन भिजू नये म्हणून कोरडी. एक गोष्ट, एक वाईट गोष्ट मी केली आयुष्यात तिच्याशी, तीसुद्धा तिने अशी घेतली की त्यातही तीच चांगली. काय करायचं अशा माणसाचं? तुम्हाला आहे का असं कुणी? नसेल तर सुखी आहात.

लावा नळ. लावा, लावा. पाइप घट्ट बसवा. हाताने, पक्कड नको. — आता दाबा. दार लागलं. हं. आलं. आलं बघा, येतंय आत. किती वेगाने येतंय. नऊ दिवसांत विसरलेच होते हा आवाज.

— हो आई! चाललं मशीन. — दुरुस्त करणारे आलेत. — काही नाही गं, व्हॉल्व्ह गेला होता. जुना झाला की जातो.

बघताय काय माझ्याकडे? तुम्ही तेच सांगणार होतात ना. घ्या तुमची पिशवी. जुना नळ इथेच ठेवा, तो नका नेऊ. आणि आता तिचा फोन येईल तुम्हाला, जिन्यातच येईल बघा, तर सांगायचं, ताईला व्हॉल्व्हचं सांगितलं, ताईने ऐकून घेतलं, काही विचारलं नाही. नळाकडे बघितलंसुद्धा नाही म्हणावं. हे मघाचं सगळं तुम्ही ऐकलेलं नाही. तिला जे माहीत आहे ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नाही — एवढं तरी माझ्याकडे राहू दे. तेवढं तिला द्यायचं नाही. कळलं ना? — मग निघा. नाही, चहा नाही विचारत मी, तुम्ही तिची माणसं. या. दार मी लावते.